आरेखन आणि फोटो-संपादनासाठी पहिला डेस्कटॉप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात संगणकावर नकाशे काढणाऱ्यांचा आणि संगणकावर छायाचित्रे सुधारणाऱ्यांचा, असे दोन व्यावसायिक वर्ग आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले आहेत. लोणी येथील प्रवरा आणि संगमनेर येथील अमृतवाहिनी ही अभियांत्रिकी महाविद्यालये १९८३ साली सुरू झाली. त्यांच्या जोडीला तंत्रनिकेतने आहेत, आयटीआयमधील ड्राफ्ट्समनचे, म्हणजे आरेखकाचे, दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत, आणि तेथून बाहेर पडणाऱ्यांना नागापूर व सुपा येथील औद्योगिक वसाहतींत यंत्रांच्या सुट्या भागांची, तर अभियंत्यांच्या कार्यालयांत घरांच्या नकाशांची कामे मिळतात. राज्यात डिसेंबर २०२० मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली आणि बांधकाम परवानगीचे नकाशे संगणकीय प्रणालीतून तपासण्याची पद्धत रूढ होत गेली, त्यामुळे कागदावरच्या आरेखनाला फारसा वाव उरलेला नाही. दुसरीकडे तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या लग्नसराईत फोटो स्टुडिओंना हजारो छायाचित्रे निवडून, सुधारून, अल्बमच्या पानांवर मांडावी लागतात.

या दोन्ही कामांसाठी पहिला डेस्कटॉप घेताना निर्णय बहुधा प्रोसेसरचे नाव आणि ग्राफिक्स कार्डाची ख्याती यांवर होतो, आणि रॅम, साठवण व मॉनिटर यांचा विचार उरलेल्या पैशांत केला जातो. प्राथमिक स्तरावरच्या संगणकाबाबत हा क्रम उलटा असायला हवा, कारण काम अडते ते बहुतेक वेळा याच तीन ठिकाणी.

गैरसमज १ : आय-सेव्हन म्हणजे वेगवान आणि आय-थ्री म्हणजे कामचलाऊ

वस्तुस्थिती : आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांची एकाच पिढीतील श्रेणी दाखवणारी नावे आहेत, पिढी बदलली की त्या नावांची परस्परांशी तुलना करता येत नाही. २०१३ सालचा आय-सेव्हन ४७७० आणि २०२२ सालचा आय-थ्री १२१०० या दोहोंत चारच कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे गणन करणारे चारच गाभे आहेत. तरीही नंतरच्याचा कमाल वेग ३.९ ऐवजी ४.३ गिगाहर्ट्झ आहे आणि प्रत्येक आवर्तनात तो अधिक काम उरकतो, त्यामुळे नावाने धाकटा असूनही तो जुन्या आय-सेव्हनला मागे टाकतो. कोअरची संख्या वाढवल्याने प्रत्येक काम वेगाने होते, हाही याच गैरसमजाचा भाग आहे. ऑटोकॅड हे १९८२ साली प्रथम बाजारात आलेले आरेखनाचे सॉफ्टवेअर आजही आपल्या बहुतेक आज्ञा एकाच कोअरवर पार पाडते, म्हणून तेथे कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा ठरतो. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांसाठी ३ गिगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक मूळ वेग आणि ४ गिगाहर्ट्झच्या पुढे जाणारा कमाल वेग सुचवला जातो. शेकडो छायाचित्रे एकदम निर्यात करताना मात्र जादा कोअर उपयोगी पडतात. दोन्ही कामे एकाच यंत्रावर करायची असतील तर अलीकडच्या पिढीतील चार ते सहा कोअरचा प्रोसेसर पुरेसा असतो.

गैरसमज २ : ग्राफिक्स कार्डाशिवाय नकाशे आणि फोटोंचे काम होत नाही

वस्तुस्थिती : ग्राफिक्स कार्ड हे चित्र पडद्यावर उमटवण्याचे गणन वेगळ्या चिपवर आणि स्वतःच्या वेगळ्या स्मृतीवर करणारे उपकरण आहे. द्विमितीय आरेखनात, म्हणजे घराचा आराखडा, छेद, दर्शनी भाग किंवा यंत्राच्या सुट्या भागाचे मापांकित चित्र यांत, रेषा, वर्तुळकंस आणि अक्षरे एवढाच मजकूर असतो, आणि तो दाखवण्यास बहुतेक प्रोसेसरांतच अंतर्भूत असलेले ग्राफिक्स समर्थ असते. छायाचित्र-संपादनातही रंग, उजेड, काटछाट आणि थर यांची नेहमीची कामे त्यावर होतात. वेगळे कार्ड खऱ्या अर्थाने लागते ते त्रिमितीय प्रतिरूपाला प्रकाश-सावली देऊन वास्तवदर्शी चित्र तयार करताना, म्हणजे रेंडरिंग करताना, किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेल्या साधनांनी छायाचित्रातील खरखर काढताना. ज्याच्याकडे ही कामे आज नाहीत त्याने कार्डावर पैसे खर्च करण्यापेक्षा मदरबोर्डावर त्यासाठीची जागा मोकळी ठेवावी आणि थोडा जादा क्षमतेचा वीजपुरवठा-संच, म्हणजे एसएमपीएस, घ्यावा, म्हणजे पुढे कार्ड बसवता येते. मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे : इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत अंतर्भूत ग्राफिक्स नसते, आणि केवळ स्वस्त म्हणून असा प्रोसेसर घेतल्यास कार्ड घेणे भागच पडते.

गैरसमज ३ : आठ जीबी रॅम भरपूर झाली, आणि ती एका पट्टीत असो वा दोन, फरक पडत नाही

वस्तुस्थिती : रॅम म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, आणि ती किती लागते हे साध्या गणिताने काढता येते. लग्नाच्या अल्बमचे १२ बाय ३६ इंचांचे उघडे पान दर इंचाला ३०० बिंदू या घनतेने छापायचे असेल तर त्यात ३,६०० गुणिले १०,८००, म्हणजे सुमारे ३ कोटी ८९ लाख बिंदू येतात; प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या आणि निळ्या घटकांसाठी एकेक बाइट धरल्यास एकाच थराला सुमारे ११७ एमबी जागा लागते. अशा पानावर दहा-बारा छायाचित्रे, चौकटी, सावल्या आणि मजकूर यांचे थर चढले, शिवाय मागे जाण्यासाठी पूर्वीच्या अवस्था जपल्या गेल्या, की हा आकडा काही जीबींवर जातो. त्यात विंडोज स्वतः आणि ब्राउझर यांची भर पडते. रॅम अपुरी पडली की फोटोशॉप हे छायाचित्र-संपादनाचे सॉफ्टवेअर उरलेली माहिती डिस्कवर तात्पुरती ठेवते आणि प्रत्येक हालचाल रेंगाळू लागते. फोटोशॉपसाठी ८ जीबी हे किमान आणि १६ जीबी हे शिफारस केलेले प्रमाण आहे, आणि ऑटोकॅडही ८ जीबी हे किमान मानते. म्हणून सोळापासून सुरुवात करणे योग्य.

पट्ट्यांच्या संख्येचा प्रश्न तर थेट ग्राफिक्सशी जोडलेला आहे. अंतर्भूत ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते, ते मुख्य रॅममधूनच वाचते. डीडीआर-४ प्रकारची ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पुरवते आणि तशाच दोन पट्ट्या जोडीने ५१.२ जीबी पुरवतात. ऑटोकॅडच्या किमान अटीत ग्राफिक्ससाठी सेकंदाला २९ जीबी वहनक्षमता मागितलेली आहे. म्हणजे १६ जीबीची एकच पट्टी बसवलेला संगणक त्या अटीच्या खाली राहतो, आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्या बसवलेला ती सहज ओलांडतो. नव्या डीडीआर-५ रॅमची ५६०० वेगाची एक पट्टीही ४४.८ जीबी देते, त्यामुळे तेथे ही अडचण उरत नाही, जरी जोडीचा फायदा तेथेही मिळतोच.

गैरसमज ४ : एक टीबीची हार्ड डिस्क असताना एसएसडीची गरज नाही

वस्तुस्थिती : हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवरून यांत्रिक शीर्ष माहिती वाचते, तर एसएसडी ही हलणारे भाग नसलेली, चिपवरची साठवण असते. सलग वाचनात हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २०० एमबी, साटा जोडणीची एसएसडी सुमारे ५५० एमबी आणि एनव्हीएमई प्रकारची एसएसडी त्याच्या कित्येक पट माहिती देते. परंतु विखुरलेल्या लहान फायली उघडताना, म्हणजे विंडोज सुरू होताना किंवा फॉन्टांची यादी भरताना, हा फरक याहूनही मोठा असतो. तरीही हार्ड डिस्क निरुपयोगी ठरत नाही. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातील प्रक्रिया न केलेले, म्हणजे रॉ स्वरूपातील, एक छायाचित्र २५ ते ३० एमबीचे असते, म्हणून दोन हजार छायाचित्रांच्या एका लग्नाला ५० ते ६० जीबी जागा जाते. विंडोज, सॉफ्टवेअर आणि हातातले काम ५०० जीबीच्या एसएसडीवर, आणि पूर्ण झालेली कामे हार्ड डिस्कवर, ही विभागणी सोयीची असते. एसएसडी कधी बिघडत नाही, हाही एक भ्रम आहे. ती अनेकदा पूर्वसूचना न देता बंद पडते, म्हणून ग्राहकाच्या छायाचित्रांची दुसरी प्रत वेगळ्या उपकरणावर असणे अनिवार्य आहे.

गैरसमज ५ : मॉनिटर जेवढा मोठा तेवढा चांगला

वस्तुस्थिती : पडद्याची स्पष्टता त्याच्या आकारावर नव्हे, तर दर इंचाला बसणाऱ्या बिंदूंवर अवलंबून असते. १९२० बाय १०८० बिंदूंचा फुल एचडी पडदा २४ इंचांचा असेल तर दर इंचाला ९२ बिंदू येतात, आणि तेवढेच बिंदू २७ इंचांवर पसरले की ते ८२ वर येतात, त्यामुळे मोठ्या पडद्यावर आरेखनाच्या बारीक रेषा अधिक खडबडीत दिसतात. रंगांच्या बाबतीत पॅनेलचा प्रकार निर्णायक असतो : टीएन प्रकारच्या पॅनेलवर नजरेचा कोन बदलला की रंग आणि उजेड बदलतो, तर आयपीएस पॅनेलवर तो बराच स्थिर राहतो. प्रत्येक मूळ रंगाच्या ६४ छटा दाखवणारे सहा-बिटी पॅनेल मुळात २,६२,१४४ रंग दाखवते, आणि २५६ छटा दाखवणारे आठ-बिटी पॅनेल १,६७,७७,२१६ रंग दाखवते. म्हणून एसआरजीबी ही सर्वमान्य रंगमर्यादा जवळजवळ पूर्ण दाखवणारा २४ इंचांचा आयपीएस मॉनिटर हा दोन्ही कामांचा मध्यममार्ग आहे. लॅबमधून छापून आलेले फोटो काळपट आहेत अशी तक्रार असते, तेव्हा पुष्कळदा दोष छपाईचा नसून संपादनाच्या वेळी मॉनिटरचा उजेड अवाजवी ठेवल्याचा असतो.

गैरसमज ६ : कार्यालयांतून काढलेला जुना संगणक घेणे नेहमीच फायद्याचे

वस्तुस्थिती : दुरुस्त करून विकले जाणारे, म्हणजे रिफर्बिश्ड, डेस्कटॉप टिकाऊ बांधणीचे असू शकतात, पण त्यांची पिढी पाहिल्याशिवाय किंमत पाहण्यात अर्थ नसतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी काही थोडे अपवाद वगळता इंटेलची आठवी पिढी किंवा तिच्यापुढची, तसेच टीपीएम २.० ही सुरक्षा-चिपची व्यवस्था लागते. चौथ्या किंवा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह स्वस्तात मिळाला तरी तो या अटीत बसत नाही, आणि नकाशे व देयके इंटरनेटवरून पाठवणाऱ्या कार्यालयाला सुरक्षा-सुधारणांशिवाय चालणारे यंत्र परवडत नाही.

गैरसमज ७ : सॉफ्टवेअर फुकटच मिळते, खर्च फक्त यंत्राचा

वस्तुस्थिती : परवान्याशिवायचे, कुलूप तोडलेले सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणे हा कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार गुन्हा आहे, त्यासाठी किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. अशा प्रतींबरोबर व्हायरस येण्याचा धोका वेगळाच. कायदेशीर पर्याय आहेत : विद्यार्थ्यांना ऑटोकॅड शिक्षणापुरते विनामूल्य मिळते, केवळ द्विमितीय काम करणाऱ्यांसाठी ऑटोकॅड एलटी ही कमी किमतीची आवृत्ती आहे, आणि आरेखनासाठी लिब्रेकॅड, छायाचित्रांसाठी गिम्प व डार्कटेबल ही मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. मात्र परवानगीसाठी किंवा कारखान्याला डीडब्ल्यूजी स्वरूपातील फाइल द्यायची असेल, तर लिब्रेकॅड मुख्यतः डीएक्सएफ स्वरूपात जतन करते, हे आधी लक्षात घ्यावे. परवान्याचा खर्च यंत्राच्या अंदाजपत्रकातच धरलेला बरा.

गैरसमज ८ : घरात इन्व्हर्टर आहे, म्हणून यूपीएस नको

वस्तुस्थिती : सामान्य इन्व्हर्टर वीज गेल्यावर बॅटरीकडे वळण्यास जेवढा वेळ घेतो तेवढ्यात संगणक पुन्हा सुरू होऊ शकतो, यूपीएस हे वळण काही मिलिसेकंदांत घेते. ६०० व्हीए क्षमतेचे सामान्य यूपीएस साधारण ३६० वॅट भार पेलते, आणि वेगळे कार्ड नसलेल्या डेस्कटॉपला मॉनिटरसह ते पुरते. लेझर प्रिंटर मात्र त्यावर जोडू नये. ऑटोकॅड मुळातल्या मांडणीत दर १० मिनिटांनी आपोआप प्रत जपते, त्यामुळे यूपीएस नसेल तर दर खंडितीला दहा मिनिटांपर्यंतचे काम वाया जाण्याची शक्यता राहते.

या सर्वांचा निष्कर्ष असा की पहिल्या डेस्कटॉपसाठी पैसा आधी दोन पट्ट्यांतील १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी, २४ इंचांचा आयपीएस मॉनिटर आणि यूपीएस यांवर लावावा, नंतर अलीकडच्या पिढीतील अंतर्भूत ग्राफिक्सच्या प्रोसेसरवर, आणि वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर तसे काम प्रत्यक्ष मिळू लागल्यावरच. खरेदीदाराने दुकानात जाताना आपल्या कामातील सर्वांत जड नकाशा आणि अल्बमचे सर्वांत थरदार पान पेन ड्राइव्हवर न्यावे, ते त्याच यंत्रावर उघडून पाहावे, आणि प्रत्येक भागाचा मॉडेल क्रमांक लिहिलेले पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.