पिस्तुलाच्या मुठीतली 'ती'

पिस्तूल आणि बायकांचा काय संबंध, असं कोणी म्हणालं तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा. दुसऱ्या महायुद्धातल्या काही अमेरिकन पिस्तुलांच्या मुठीत चक्क बायकांचे फोटो आहेत!

'एम १९११' हे त्या सैन्याचं नेहमीचं पिस्तूल. त्याच्या मुठीच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टी स्क्रूने बसवलेली असते. आधी ती अक्रोडाच्या लाकडाची असायची, पुढे तपकिरी प्लॅस्टिकची आली. काही सैनिक ती काढायचे आणि मोडक्या विमानाच्या खिडकीचं पारदर्शक प्लेक्सिग्लास त्याच आकारात घासून बसवायचे. त्याच्या आत बायकोचा किंवा प्रेयसीचा फोटो! या मुठींना नाव पडलं 'स्वीटहार्ट ग्रिप'.

आज संग्राहक त्यांना चांगली किंमत देतात. मग काय, नकली मुठीही आल्याच! अस्सल मूठ हाताने घासलेली, त्यामुळे दोन्ही पट्ट्या तंतोतंत सारख्या नसतात. स्क्रूच्या भोकाभोवती झीज दिसते. फोटोची परीक्षा तर आणखी सोपी. दुकानात नोटा तपासायला जो निळसर दिवा असतो, त्याखाली नव्या फोटोचा कागद सहसा पांढराशुभ्र चमकतो, कारण कागदात चमक आणणारं रसायन १९५० च्या दशकापासून वापरात आलं. युद्धकाळातला कागद तसा चमकत नाही.

हे पारखणं आपल्यालाही उपयोगी आहे बरं का! आजीची फणी, करंडा, जुन्या सुरीची मूठ नक्की कशाची, हे असंच ओळखता येतं. हस्तिदंताच्या कापलेल्या टोकाला एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. हाडावर काळपट ठिपके असतात. शिंपला गार लागतो, हलवला की रंग बदलतो. सेल्युलॉइड अंगठ्याने चोळून गरम केलं की कापराचा वास येतो, कारण ते बनवताना कापूरच घालतात. मात्र तापलेली सुई टोचून बघू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं! आणि वस्तू हस्तिदंताची निघाली तर विकायला नेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

आता त्या फोटोतल्या बायकांचं. प्लॅस्टिक कुठलं, कागद कधीचा, सगळं कळतं. पण फोटोमागे नाव नसेल, तर ती कोण, तिचा माणूस घरी परतला का, हे आता कोण सांगणार? युद्धात जिला कोणीतरी मुठीत जपलं, ती आज नुसती 'एक तरुणी' होऊन उरते.

आपल्या ट्रंकेतल्या फोटोंचं तरी काय वेगळं आहे? सासूबाईंच्या लग्नातल्या त्या घोळक्यातल्या सगळ्याजणी ओळखणारं कोणी घरात आहे, तोवर एका दुपारी फोटो घेऊन त्यांच्याजवळ बसा. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, मागे नावं लिहा. माहेरचं नावसुद्धा!