अध्ययन अक्षमता : शंका, निदान आणि मधला काळ

बुद्धिमत्ता सर्वसाधारण असूनही वाचन, लेखन वा गणन या कौशल्यांत सातत्याने येणारी अडचण म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमता होय. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत तिचा समावेश आहे.

पहिलीतील मूल काना-मात्रा गाळते, 'घ' आणि 'ध' यांत गल्लत करते, जोडाक्षरापाशी अडखळते. तथापि ही लक्षणे नवशिक्या मुलांत सर्रास आढळतात. म्हणूनच केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी शाळेतील चाळणीसाठी इयत्ता तिसरी किंवा वयाची आठ वर्षे हा टप्पा ठरविला.

मूल्यमापनाचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम दृष्टी व श्रवण तपासले जाते, नंतर बुद्धिमापन होते आणि शेवटी वाचन, लेखन व गणिताच्या चाचण्या होतात. मराठी माध्यमातील मुलाची चाचणी केवळ इंग्रजीतून घेतल्यास भाषेचा अपरिचय हाच दोष ठरण्याचा धोका संभवतो.

खरा प्रश्न शंका व निदान यांमधील काळाचा आहे. 'मोठे झाल्यावर सुधारेल' या आशेवर पालक थांबतात आणि त्याच काळात मुलावर 'ढ' किंवा 'आळशी' असा शिक्का बसतो. परीक्षेतील सवलतींसाठी प्रमाणपत्र आवश्यक असते. उपचारात्मक अध्यापनासाठी नाही. ध्वनी व अक्षर यांची सांगड घालणारा सराव शंका येताच सुरू करता येतो. मुलाच्या वह्या आणि शिक्षकांच्या दिनांकित नोंदी जपल्यास पुढील निदानासही त्यांचा आधार मिळतो.