कन्हार जमिनीवरची लिफ्ट

भंडारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला जमिनीची चार नावं तोंडपाठ असतात: कन्हार, मोरंड, सिहार, बरड. यातली कन्हार काळी आणि चिकट. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पवनी तालुक्यातल्या कोंढ्यात कुणी घरच्या गॅरेजात गाडी उचलायची लिफ्ट बसवायचं मनात आणलं, तर कंपनी आणि किंमत पाहण्याआधी घराखाली यातली कोणती जमीन आहे, हे त्यानं पाहावं. उचललेल्या गाडीचा सगळा भार शेवटी तिच्यावरच येतो.

या यंत्राला आता शंभर वर्षं झाली. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या पीटर लुनाटी यांनी न्हाव्याच्या खुर्चीवरून कल्पना घेऊन मोटार उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट बनवली आणि १९२५मध्ये तिचा धंदा सुरू केला. जमिनीतून वर येणारा एकच जाड दांडा आणि त्यावर गाडी. आपल्याकडच्या वॉशिंग सेंटरवर गाडी धुवायला जिच्यावर चढवतात, ती लिफ्ट याच कुळातली. तत्त्व पास्कलचं: बंद तेलावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. ४० मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर १५० बार दाब दिला, तर सुमारे १,९०० किलोचा जोर मिळतो. घरच्या वीजजोडणीवर चालणारी लहान मोटरही तेवढा दाब देते.

पण तेल गाडी उचलतं. ती धरून ठेवण्याचं काम तेलावर सोडू नये. सील झिजतं, नळी फुटते, आणि तेल निसटलं की भार खाली येतो. जॅक लावून, खाली दोन विटा सरकवून गाडीखाली शिरण्याची सवय म्हणूनच जिवावरची आहे. दोन खांबांच्या चांगल्या लिफ्टमध्ये दोन्ही खांबांत लोखंडी खाचा असतात. गाडी वर जाताना खटका एकेका खाचेवरून खटखटत जातो. हवी ती उंची आली की लिफ्ट किंचित खाली उतरवून गाडीचं वजन दोन्ही खांबांच्या खटक्यांवर टेकवायचं, आणि मगच खाली जायचं. लाइन गेली तरी खटक्यावरची गाडी जागची हलत नाही. विकत घेताना मी सगळ्यात जास्त वेळ या खटक्यावर घालवीन: तो दोन्ही खांबांत आहे का, आणि दोन्ही बाजू सारख्या चढाव्यात म्हणून ताणलेली तार शाबूत आहे का.

दोन खांबांची लिफ्ट गाडीला चार हातांवर बगलेत धरते, त्यामुळे खांबाचं बूड जमिनीतून उपटायला पाहतं. ती ओढ सोसतात फक्त काँक्रीटमधले अँकर बोल्ट. बरेच उत्पादक निदान चार इंच जाडीचं, अखंड, २८ दिवस मुरलेलं काँक्रीट मागतात. आपल्या घरातला कोबा दिसायला टणक असतो, पण तो पातळ. फरशीला तर काहीच ताकद नसते. त्यांत बोल्ट मारू नयेत. खाली कन्हार असेल, तर ती खोदून काढावी, मुरूम भरून थराथरानं धुमसावा आणि वर सळ्या टाकून एम-२५ प्रतीचं सहा इंच काँक्रीट ओतावं. हा खर्च अनेकांना नको वाटतो. लिफ्ट स्वस्तातली घेऊन जमिनीवर पैसा घालावा असंही नाही. दोन्हींचा खर्च झेपत नसेल, तर दोन खांबांच्या वाटेला जाऊ नये.

चार खांबांच्या लिफ्टवर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहते आणि बुडाला एवढी ओढ बसत नाही. तिला जागा मात्र जास्त लागते, आणि चाकं काढायची तर वेगळा जॅक लागतो. दहा फुटांवर स्लॅब असलेल्या खोलीत कमरेएवढीच उचलणारी सिझर लिफ्ट बरी. ब्रेक, टायर, सस्पेन्शनची बहुतेक कामं तेवढ्यात होतात.

चार टनांची लिफ्ट म्हणजे प्रत्येक हाताला एकच टन, हेही ध्यानात असू द्यावं. इंजिन पुढे असतं, म्हणून पुढच्या हातांवर भार जास्त येतो. बोलेरोसारख्या गाडीला हात चासीखाली लावायचे, छोट्या मोटारीला कंपनीनं दाखवलेल्या जागीच. नाहीतर पत्रा दबून गाडी घसरते. आधी चाकं जमिनीपासून वीतभर उचलावी, गाडी हलवून पाहावी आणि मगच पुढे चढवावी. युरोपात या यंत्रांसाठी ईएन १४९३ हे मानक आहे; विक्रेत्याकडे त्याचं प्रमाणपत्र मागावं आणि यंत्रावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावं.

ट्रॅक्टर या लिफ्टवर कधीही चढवू नये. त्याचं वजन मागच्या ॲक्सलवर एकवटलेलं असतं आणि लिफ्टच्या हातांना धरायला त्याखाली नीट जागा नसते. त्याचं काम सपाट, कडक जमिनीवर, चाकांना अडण लावून, ॲक्सलखाली जाड लोखंडी स्टँड देऊनच करावं.