पाण्यावरची रेघ

डहाणू-तलासरीकडचा एखादा तरुण पोरबंदर नाहीतर ओख्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जातो आणि एके दिवशी तो कराचीच्या तुरुंगात असल्याचं घरी कळतं. बातमी येते, 'सागरी सीमा ओलांडल्याबद्दल अटक'. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाघा येतं: फाटक, तारेचं कुंपण, पहाऱ्यावरचा जवान, आणि हे सगळं दिसत असूनही पलीकडे गेलेला हा गडी. पण कच्छच्या टोकापासून पुढे समुद्रात भारत आणि पाकिस्तान यांनी सह्या करून ठरवलेली सीमारेषा आजवर नाहीच. नकाशात दिसते ती रेघ दोघांनी मिळून आखलेली नाही.

अडलंय ते सर क्रीकपाशी. कच्छ आणि सिंध यांच्यामधल्या दलदलीतली ही ९६ किलोमीटरची भरती-ओहोटीची खाडी. हा वाद फाळणीने जन्माला घातला असं सरसकट म्हटलं जातं, पण तो त्याहून बराच जुना. १९०८ च्या सुमारास खाडीकाठचं जळाऊ लाकूड कुणी तोडायचं यावरून कच्छचे राव आणि सिंधचे अधिकारी यांच्यात खटका उडाला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे निवाडा मुंबई सरकारने केला. १९१४ च्या त्या ठरावाचा नववा परिच्छेद आणि सोबतच्या नकाशावरची हिरवी रेघ हद्द खाडीच्या पूर्व काठाला दाखवतात. दहाव्या परिच्छेदात मात्र म्हटलं आहे, की खाडीत नौका चालतात, प्रवाह जागा बदलतो, म्हणून हद्द मधल्या प्रवाहातून मानावी. पाकिस्तान नववा परिच्छेद पुढे करतो, भारत दहावा. मुंबईच्या एका कारकुनी कागदाने दोन अण्वस्त्रधारी देशांना शंभर वर्षांनंतरही कामाला लावलं आहे.

१९६५ च्या संघर्षानंतर कच्छच्या रणाचा प्रश्न लवादाकडे गेला आणि १९६८ मध्ये वादग्रस्त भागापैकी साधारण नऊ दशांश भारताला मिळाला. 'तेव्हाच सगळं मिटलं' असं त्यामुळे अनेकांना वाटतं. पण सर क्रीक त्या लवादापुढे नव्हतीच.

मग एवढ्या चिखलासाठी भांडायचं कशाला? जमिनीवरचा फरक खरोखरच खाडीच्या रुंदीपेक्षाही कमी आहे. पण सागरी हद्द मोजायला सुरुवात होते ती खाडीच्या मुखापासून. तो बिंदू थोडा सरकला की तिथून निघणारी रेघ खोल समुद्रात जाता जाता मासळीचा आणि कदाचित तेल-वायूचाही मोठा पट्टा इकडचा तिकडे करते.

'दोनशे मैलांपर्यंतचा समुद्र आपला' हेही असंच अर्धसत्य. १९८२ च्या सागरी कायदा करारानुसार देशाची खरी सत्ता चालते ती १२ सागरी मैलांत, म्हणजे किनाऱ्यापासून सुमारे २२ किलोमीटरपर्यंत. त्यापुढे २०० मैलांपर्यंत मासळी आणि खनिजांवर हक्क असतो, पण परकी जहाजांना ये-जा करता येते. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेची युद्धनौका लक्षद्वीपजवळच्या अशाच पट्ट्यातून परवानगी न घेता गेली आणि अमेरिकेने तसं जाहीरही केलं. भारताने आपली चिंता कळवली, प्रकरण तेवढ्यावर राहिलं. याच कराराचं कलम ७३ मच्छीमारांच्या कामाचं आहे. या पट्ट्यातल्या मासेमारीच्या गुन्ह्यासाठी, दोन देशांत तसा वेगळा करार नसेल तर, तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही. बोट आणि खलाशी जामिनावर लवकर सोडायचे असतात. भारताने हा करार १९९५ मध्ये स्वीकारला, पाकिस्तानने १९९७ मध्ये.

मच्छीमार मुद्दाम जातात का? काही जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. गुजरातच्या किनाऱ्यालगत मासळी घटली आहे आणि खाडीकडे चांगली सापडते. काही इंजिन बंद पडून प्रवाहाबरोबर वाहत जातात. पण बोट कुठे न्यायची हे ठरवतो मालक आणि बोट हाकणारा तांडेल. जाळं ओढणाऱ्या पोराला कुणी विचारत नाही. पलीकडच्या ठट्टा-कराचीचे कोळीही असेच भारतीय तुरुंगात येऊन पडतात. त्यात पोरबंदरची 'कुबेर' ही बोट पळवूनच २६/११ चे हल्लेखोर मुंबईकडे आले होते, त्यामुळे गस्तीवरच्यांचा संशय एकदम पोकळही म्हणता येत नाही.

'लवादाकडे गेलो तर देश विकल्यासारखं होईल' या भीतीला बांगलादेशचं प्रकरण उत्तर देतं. बंगालच्या उपसागरातल्या २५,६०२ चौरस किलोमीटर वादग्रस्त पट्ट्यापैकी १९,४६७ चौरस किलोमीटर २०१४ च्या आंतरराष्ट्रीय लवादाच्या निवाड्याने बांगलादेशला दिला. भारताने तो निमूट मान्य केला आणि दोन्हीकडच्यांना आपापल्या वाट्यात काम सुरू करता आलं. याच वादातल्या ज्या न्यू मूर बेटासाठी १९८१ मध्ये भारताने नौदलाचं जहाज धाडलं होतं, ते २०१० पर्यंत पाण्याखाली गेलं होतं. पाकिस्तानशी मात्र भारताला तिसरा पक्ष नको आहे, १९७२ च्या सिमला करारापासून. आधी समुद्राकडून रेघ आखत आत येऊ, खाडीचं मागून बघू, असं भारताने सुचवून पाहिलं. पाकिस्तानला आधी खाडीचा निकाल हवा. २००७ मध्ये संयुक्त सर्वेक्षण झालं, नकाशांची देवाणघेवाण झाली. २०१२ च्या दिल्लीतल्या फेरीनंतर चर्चा थंडावली.

निवडणुकीत उगवणाऱ्या, श्रीलंकेकडे असलेल्या कच्चतीवू बेटाबद्दलही असाच गैरसमज आहे. १९७४ च्या करारातला भारतीय मच्छीमारांच्या आणि यात्रेकरूंच्या बेटावर येण्याजाण्याचा उल्लेख म्हणजे मासेमारीचा हक्क नव्हे. १९७६ च्या पत्रव्यवहाराने एकमेकांच्या पाण्यातली मासेमारी बंदच केली.

सगळंच ठप्प आहे असंही नाही. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, संबंध कितीही बिघडले तरी. शिक्षा संपून राष्ट्रीयत्वाची खातरजमा झाली की महिन्याभरात सोडायचं, असं ठरलेलं आहे, खातरजमाच रेंगाळते. कैद्यांची भेट घेणारी निवृत्त न्यायाधीशांची संयुक्त समिती २०१३ पासून भेटलेली नाही. मधली पोकळी सरकारबाहेरची माणसं भरतात. भारत आणि पाकिस्तानातल्या मच्छीमार संघटना आणि शांततेसाठी काम करणारे गट नावं शोधून पाठपुरावा करतात. सुटलेल्यांना कराचीहून लाहोरपर्यंत पोचवण्याचा खर्च अनेकदा पाकिस्तानातल्या ईधी फाउंडेशन या सेवाभावी संस्थेने केला आहे. १ जुलै २०२५ च्या यादीत पाकिस्तानच्या ताब्यात १९३ मच्छीमार होते. जे सुटतात ते वाघ्यावरून पायी परततात. बोट बहुधा कराचीतच राहते.