म्हशीची पेंड कोंबडीला चालेल?

विदर्भात गोठ्यातल्या म्हशीपुढे सरकीची पेंड रोज पडते. मग तीच शेडमधल्या ब्रॉयलरला का नको? प्रश्न रास्त आहे. ब्रॉयलरच्या खर्चात साधारण दोन तृतीयांश वाटा खाद्याचाच असतो आणि सोयापेंड महाग पडते.

अडचण आहे ती गॉसिपॉलची. किडीपासून बचावासाठी कपाशी हे पिवळे द्रव्य सरकीतल्या बारीक ग्रंथींत साठवते. ते लायसिन या अमिनो आम्लाला जखडून ठेवते, आणि वाढत्या पिल्लाला मांस धरायला नेमके तेच लागते. म्हशीच्या कोठीपोटात बरेचसे गॉसिपॉल प्रथिनांना चिकटून निष्प्रभ होते. कोंबडीकडे कोठीपोटच नाही!

यावर उपाय आहेत. टरफलासकट गाळलेली पेंड टाळावी, कारण तिच्यात तंतू फार. टरफल काढलेल्या पेंडीत प्रथिने सुमारे ४० टक्के भरतात. खाद्यात मोजून हिराकस मिसळला, तर त्यातले लोह मोकळ्या गॉसिपॉलला पकडते. लायसिनची तूट वरून भरावी लागते. तरीही ही पेंड सोयाची जागा थोडीच घेऊ शकते, पूर्ण नाही. स्वस्त खाद्य म्हणजे गोणीचा भाव नव्हे; किलोभर वजनवाढीला किती खर्च आला, तो खरा हिशेब.