पिसवा, फरिश्ते आणि गुलबर्ग्याचे दमामीनी

सोलापूर जिल्ह्यातल्या मैंदर्गीहून पूर्वेकडे सरळ रेघ ओढली तर साठेक किलोमीटरवर गुलबर्गा येते. आज मध्ये राज्याची सीमा आहे. सहाशे वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख बहमनींचा होता आणि 1347 मध्ये त्यांनी गुलबर्ग्यालाच राजधानी केले होते. त्या शहरात 1424 च्या जुलैत एक मिसरी विद्वान वारले. बद्रुद्दीन दमामीनी त्यांचे नाव. जन्म 1362 चा, अलेक्झांड्रियाचा. कैरोत ते इतिहासकार इब्न खल्दूनच्या सहवासात राहिले, अल-अझहरमध्ये अरबी व्याकरण शिकवले आणि पुढे हदीसचा सर्वांत प्रमाण मानला गेलेला संग्रह, ‘सहीह बुखारी’, त्यावर टीका लिहिली. असा माणूस भूमध्य समुद्राच्या काठावरून भीमेच्या खोऱ्यात आला कसा?

कर्जापायी. अलेक्झांड्रियात त्यांनी विणकामाचा मोठा कारखाना काढला होता. सोलापूरकरांना या धंद्याची जोखीम सांगायला नको. घर आगीत जळाले, देणी अंगावर आली. ते दक्षिण मिसरात पळाले, तर सावकारांनी पाठलाग करून त्यांना अपमानित अवस्थेत कैरोत आणले. कवी इब्न हिज्जा आणि दरबारचे चिटणीस बारिझी पाठीशी उभे राहिले, म्हणून सुटका झाली. मग हज, मग येमेन. झबीदच्या मशिदीत वर्षभर शिकवूनही जम बसेना, तेव्हा ते हिंदुस्थानच्या जहाजात बसले. गुजरातेत अहमदाबाद वसवणाऱ्या अहमदशहाचे राज्य होते. इकडे त्यांना मान, पैसा आणि शिष्य, सगळे मिळाले. बुखारीवरची टीका, ‘मसाबीहुल जामिअ’, त्यांनी या सुलतानालाच अर्पण केली. शेवट मात्र गुलबर्ग्यात झाला, आणि तोही विषप्रयोगाने, असे चरित्रकार सुयूती लिहितात.

पण मला भारून टाकते ती त्यांची विद्या. हदीस म्हणजे पैगंबरांची वचने आणि आचरण यांची परंपरेने आलेली नोंद. तिचे दोन भाग असतात: कोणी कोणाकडून ऐकले ती साखळी, म्हणजे सनद, आणि प्रत्यक्ष मजकूर, म्हणजे मत्न. बहुतेक विद्वान साखळीची एकेक कडी तपासत. दमामीनी मूळचे वैयाकरण, त्यांचे कान मजकुराकडे.

आता एक गंमत पाहा. अरबीत क्रियापद कर्त्याच्या आधी आले, तर कर्ता अनेकवचनी असला तरी क्रियापद एकवचनीच ठेवतात. म्हणजे ‘आला पाहुणे’ शुद्ध आणि ‘आले पाहुणे’ अशुद्ध! काही अरब टोळ्या मात्र ‘आले’च म्हणत. वैयाकरणांनी त्यांच्या बोलीला नावच पाडले, ‘मला पिसवा चावल्या’वाली बोली, कारण उदाहरणादाखल तेच वाक्य चालत आले होते. आणि बुखारीत एक हदीस आहे: फरिश्ते रात्री आणि दिवसा पाळीपाळीने माणसांत येतात, या अर्थाची. तिथेही क्रियापद आधी आणि अनेकवचनी! अंदलुसियाचे वैयाकरण इब्न मालिक यांनी पिसवा सोडून या रचनेला फरिश्त्यांच्या हदीसचे नाव दिले.

त्यावरून मोठा वाद पेटला. वैयाकरण अबू हय्यान म्हणाले, हदीस सांगणाऱ्यांनी अनेकदा शब्द नव्हे, आशय पुढे दिला. त्यांतले कित्येक जन्माने अरबही नव्हते. मग असे शब्द व्याकरणाला पुरावा म्हणून कसे चालतील?

दमामीनींनी इब्न मालिकांची बाजू घेतली. ते म्हणाले, व्याकरणात पूर्ण खात्री कोण मागतो? दाट संभव पुरतो. सांगणारे शब्दांना जपत होते, तेव्हा शब्द बदलला असे म्हणणाऱ्यानेच ते दाखवावे. पुढचा मुद्दा तर अप्रतिम आहे. आशय सांगण्याची मुभा होती ती लेखनापूर्वी. एकदा वचन ग्रंथात उतरले की शब्दाला हात लावायचा नाही. आणि हे लेखन भाषा बिघडण्याआधीच सुरू झाले होते. म्हणजे एखाद्याने शब्द बदलला असला, तरी बदलणाऱ्याची स्वतःची अरबी व्याकरणाला प्रमाण होती! प्रतिपक्षाचा आक्षेप मान्य करूनही तो निकामी करणारी ही मांडणी आहे. मैंदर्गीसारख्या, कानडी-मराठी-उर्दू एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या गावाला प्रमाण कोणाची बोली हा प्रश्न परका वाटायचा नाही.

दमामीनी गेले, पण वाद चालू राहिला. इब्न हिशामच्या ‘मुग्नी’ या व्याकरणग्रंथावर त्यांनी हिंदुस्थानात टीका लिहिली होती, आणि ‘मुग्नी’वरच्या त्यांच्या आक्षेपांना शुमुन्नी या विद्वानांनी स्वतंत्र ग्रंथ लिहून उत्तर दिले. सतराव्या शतकात अब्दुल कादिर बगदादींनी ‘खिजानतुल अदब’ या ग्रंथात हदीसच्या प्रामाण्याचा प्रश्न पुन्हा उघडला, दमामीनींचा युक्तिवाद उतरवून घेतला आणि हदीस व्याकरणाला पुरावा म्हणून चालते, असा कौल दिला.