‘गाभ्रीचा पाऊस’ : दैनंदिन व्यवहारातील धास्तीचे चित्रण

सतीश मनवर लिखित-दिग्दर्शित ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) या चित्रपटाचा प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे. शेतकरी आत्महत्येवरील चित्रपट अशी त्याची नोंद केली जाते. ती चुकीची नाही. परंतु अपुरी आहे. आत्महत्या येथे आरंभीच, शेजाऱ्याच्या घरी घडते. त्यापुढील चित्रपट हा एका वऱ्हाडी घरातील स्वयंपाक, शेतावरची ये-जा आणि पावसाची प्रतीक्षा यांचा आहे.

शेजारी गेल्यावर अलकाच्या (सोनाली कुलकर्णी) मनात भीती शिरते, की आपला नवरा किसना (गिरीश कुलकर्णी) हाही तेच करील. ही भीती नवऱ्यापाशी बोलून दाखविणे तिला शक्य नाही. मग ती लहानग्या दिनूला बापाच्या मागे पाठविते, सासूला (ज्योती सुभाष) लक्ष ठेवावयास सांगते, नवऱ्याची मर्जी राखते. एरवी हे संसारातील मायेचे व्यवहार होत. येथे त्यांचाच पहारा होतो. बापामागे फिरणारे पोर पाहून प्रेक्षकास प्रथम हसू येते आणि लगेच त्या हसण्याचा संकोच वाटतो. विषयाचे गांभीर्य पाहता हा विनोद काहींना खटकेल. प्रस्तुत लेखकास तो आवश्यक वाटतो, कारण त्यामुळेच चित्रपट करुणेची मागणी करीत नाही.

डी सिका यांच्या ‘बायसिकल थीव्हज’ (१९४८) मध्येही मुलगा बापासोबत हिंडतो. तेथे तो चोरीस गेलेल्या सायकलीच्या शोधातील सोबती आहे. दिनूला शोधावयाचे काहीच नाही. बाप नजरेआड होऊ द्यावयाचा नाही, एवढेच त्याचे काम.

‘गाभ्रीचा’ ही वऱ्हाडी शिवी आहे. ती पावसाला का दिली जाते, हे आपल्या भागात वेगळे सांगावे लागू नये. अकोट तालुक्याचा दक्षिण भाग पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात येतो. भूगर्भातील पाणी खारे असल्याने तेथे विहीर असूनही पिकास तिचा फारसा उपयोग नाही. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली की बियाणे मातीत जाते, आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा उसनवारी करावी लागते. मराठी चित्रपटाने वऱ्हाडी बोली बहुधा हशापुरती वापरली. येथे मात्र ती पात्रांची घरातली, रोजची भाषा आहे.